हस्तव्यवसायाची साधने घरच्या घरी

वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगास प्राथमिक शिक्षणाचे केंद्र मानले. हाताला काम मिळाले म्हणजे बुद्धीला चालना मिळते, हे तत्त्व आजच्या कार्यानुभवाच्या तासालाही लागू आहे. परंतु या तासाला विकतचे रंग व डिंक आणू न शकणारे मूल स्वस्थ बसून राहते आणि इतरांचे काम पाहत राहते. असे एकही मूल वर्गात राहू नये, यासाठी साधने घरी तयार करण्याची रीत शिक्षकांनी शिकवावी. गोदावरीकाठच्या एकलहरे गावासारख्या ठिकाणी त्यास लागणारे बहुतेक साहित्य घरात व शिवारातच मिळते.

(१) खळ : एक वाटी मैदा अथवा कणीक एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावी. चार वाट्या पाण्यास उकळी आणून त्यात हे मिश्रण ओतावे आणि मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले की खळ तयार झाली. ती दोन दिवसांत संपवावी. कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत असत; मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत ते मुळीच घालू नये.

(२) लगदा : जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून, कुटून, पिळून घ्यावेत. भिजवून वाटलेली मेथी त्यात मिसळून चांगले मळावे. मेथीच्या चिकटपणामुळे लगदा घट्ट धरतो. आपल्याकडील स्त्रिया याच रीतीने टोपल्या व सुपे लिंपीत आल्या आहेत, म्हणून मुलांनी हा पाठ आजीकडून घ्यावा. पालथ्या वाडग्यास तेलाचा हात लावून त्यावर लगद्याचा सारखा थर द्यावा व तो सावलीत वाळवावा. अर्धवट वाळलेला थर उन्हात ठेवल्यास त्यास तडे जातात.

(३) रंग : हळदीपासून पिवळा, गेरूपासून तांबडा, काजळापासून काळा आणि तांदळाच्या पिठापासून पांढरा रंग मिळतो. नाशिक जिल्हा कांद्याचा. तेव्हा कांद्याची टरफले कोठेही मिळतील. ती पाण्यात उकळून, गाळून, चिमूटभर तुरटी घातल्यास पिवळसर तपकिरी रंग मिळतो. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, त्याचे थोडे पाणी मिसळल्यास रंग कागदास धरून राहतो. हळदीचा रंग उन्हाने विटतो, हे मुलांनी दोन सारखे कागद, एक उन्हात व एक पेटीत ठेवून, स्वतः पडताळावे. वारली चित्रकार गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात व त्यासाठी बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करतात. तोच कुंचला वर्गात पुरेसा आहे.

(४) सावधगिरी : फुकट मिळते ते सर्व उपयोगाचे असतेच असे नाही. एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रात १९७० सालापासून दगडी कोळशावर वीज निर्माण होऊ लागली. अशा कोळशाची राख सिमेंट व विटांच्या कारखान्यात उपयोगी पडते. परंतु तिचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. म्हणून मातीकामासाठी वा रंगासाठी मुलांना ती हाताळू देऊ नये. विस्तवाजवळील काम वडीलधाऱ्या माणसांनीच करावे.

साहित्य प्रत्येकाने थोडेथोडे आणून वर्गात एकत्र करावे व सर्वांनी मिळून वापरावे. कोणी काय आणले, याची नोंद ठेवू नये. म्हणजे ज्याच्या घरून केवळ मूठभर टरफले आली, तोही मान वर करून कामास बसेल.