मनाचा भार

इ. स. २०२१ च्या जुलै महिन्याची ती २७ तारीख होती. टोकियो येथे ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्सची अंतिम स्पर्धा चालू होती. साथीच्या रोगामुळे प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. तरीही साऱ्या जगाचे डोळे एकाच खेळाडूकडे लागले होते. ती होती अमेरिकेची सिमोन बाइल्स. २०१६ साली रिओ येथे तिने चार सुवर्णपदके पटकावली होती.

सिमोन वेगाने धावत आली, उलटी होऊन तिने टेबलाला हातांनी रेटा दिला आणि ती उंच उसळली. हवेत अडीच गिरक्या घ्यावयाच्या, असा तिचा बेत होता. प्रत्यक्षात दीडच झाल्या! उतरताना तिचा तोल गेला. ती कशीबशी सावरली.

अंगात बळ होते, कोठेही दुखापत नव्हती. मग इतक्या सरावाची उडी का चुकावी?

जिना उतरताना आपण पावले मोजीत नाही; पाय आपोआप पडतात. परंतु प्रत्येक पावलाचा विचार करू लागलो, की पाय अडखळतो. खेळाडूचेही तसेच असते. दीर्घ सरावाने त्याच्या हालचाली अंगवळणी पडलेल्या असतात. मनावर ताण आला, की शरीरातील ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. थोडा ताण उपकारक असतो. त्याने अंगात चपळाई येते. पण तो फार वाढला, म्हणजे मन प्रत्येक हालचालीवर पहारा करू लागते आणि सरावाने आलेली लय तुटते. जिम्नॅस्टला तर कधीकधी हवेत असताना आपले अंग कोणत्या दिशेला आहे, हेच उमगेनासे होते. अशा वेळी मानेवर आदळल्यास प्राणावरही बेतू शकते.

सिमोनची स्थिती अशीच झाली होती. साऱ्या जगाचा भार आपल्या खांद्यांवर आहे, असे तिला वाटत होते. तिने संकट ओळखले व स्पर्धेतून माघार घेतली. तिची जागा सहकारी मुलींनी भरून काढली. सिमोन बाजूला उभी राहून त्यांना उत्तेजन देत होती. संघाला रौप्यपदक मिळाले.

काहींनी तिला दूषणे दिली. परंतु पुढच्याच आठवड्यात, ३ ऑगस्ट रोजी, ती तुळईवरील स्पर्धेत उतरली. ही तुळई जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच आणि अवघी १० सेंटिमीटर रुंद असते. शेवटच्या उडीत तिने गिरक्या टाळल्या आणि कांस्यपदक मिळविले.

त्यानंतर तिने विश्रांती घेतली. दुखावलेल्या पायासाठी जसा वैद्य, तसा दुखावलेल्या मनासाठी मानसोपचारतज्ज्ञ, हे जाणून तिने त्याचे साहाय्य घेतले. २०२४ साली पॅरिस येथे ती पुन्हा गिरक्या घेत हवेत झेपावली आणि तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक घेऊन परतली.

पायाला इजा झाली, की खेळाडू थांबतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मन थकले असता थांबणाऱ्यालाही तसे म्हणू नये.