श्रवण आणि अवधान

श्रवण म्हणजे केवळ ध्वनी कानी पडणे नव्हे. लग्नमंडपात दहा जण एकाच वेळी बोलत असतानाही आपण एकाचेच बोलणे नेमके टिपतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली या क्षमतेचा प्रायोगिक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली असता दुर्लक्षित भाषणातील शब्द श्रोत्यांना जवळजवळ सांगताच आले नाहीत. आवाज पुरुषाचा की स्त्रीचा, एवढे मात्र कळले.

ही निवड मेंदूत दिसते काय? २०१२ साली नीमा मेसगरानी व एडवर्ड चँग यांनी, अपस्मारावरील उपचारांसाठी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना दोन आवाज एकत्र ऐकवले. मेंदूतील नोंदींवरून पुन्हा रचलेला ध्वनी-आराखडा, रुग्णाचे लक्ष असलेल्या आवाजाशीच जुळला.

पुढे डोक्याच्या त्वचेवरून घेतलेल्या ईईजीनेही हे साधले. बोलताना आवाज चढतो-उतरतो आणि मेंदूतील विद्युत्-लहरी त्याचा माग ठेवतात. लहरींवरून हा चढउतार अनुमानायचा व समोरच्या आवाजांशी ताडून पाहायचा, एवढीच ही रीत. तिला ‘मन वाचणे’ म्हणू नये. ताडण्यासाठी ते आवाज आधी हाती असावे लागतात.

खरी अडचण वेळेची आहे. २०१५ च्या एका प्रयोगात सुमारे ८९ टक्के अचूकता मिळाली, परंतु मिनिटभराच्या नोंदीवरून. संभाषणात तेवढ्या वेळात वक्ता बदललेला असतो. साधे श्रवणयंत्र सगळाच गलका वाढवते, म्हणून समारंभात ते काढून ठेवणारे वृद्ध आपण पाहतो. त्यांना हवा तोच आवाज मोठा करू पाहणारे यंत्र नेमके येथेच अडखळते.