तारणावर तोललेले नाणे

सोने तारण ठेवून कर्ज देताना बँक सोन्याच्या पूर्ण किमतीइतकी रक्कम कधीच देत नाही. भाव उतरला तरी कर्ज बुडू नये, म्हणून ती मधे काही अंतर राखते. हेच तत्त्व वापरून संगणकांच्या जाळ्यावर एक नाणे चालते. त्याचे नाव 'डाय'.

बिटकॉइन, ईथर यांसारख्या आभासी चलनांचे भाव सतत वरखाली होतात. म्हणून ज्याची किंमत एका अमेरिकन डॉलरच्या आसपास टिकेल, अशा 'स्टेबलकॉइन'ची, म्हणजे स्थिर नाण्याची, कल्पना निघाली. 'मेकर' योजनेतील डाय डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. गंमत अशी, की त्यामागचे तारण होते चंचल ईथरचेच! मग ते स्थिर राहते कसे?

समजा, ईथरचा भाव २०० डॉलर आहे. तुम्ही १० ईथर, म्हणजे २००० डॉलरचा ऐवज, तारण ठेवून १००० डाय कर्ज घेतले. ही देवघेव कोणी कारकून करत नाही. ती इथेरियमच्या जाळ्यावरील आज्ञावली करते. सुरुवातीचा नियम असा होता, की तारण कर्जाच्या निदान १५० टक्के असावे. म्हणजे भाव १५० डॉलरच्या खाली गेला, की आज्ञावली तारणाचा लिलाव पुकारते आणि दंडासह कर्ज वसूल करते. तुम्ही व्याजासह कर्ज फेडलेत, तर ते डाय नष्ट होतात व ईथर परत मिळते.

डायचा भाव ९५ सेंट झाला तर? कर्जदार स्वस्तात डाय विकत घेऊन पूर्ण डॉलरचे कर्ज फेडतात. मागणी वाढते, नाणी घटतात आणि भाव पुन्हा वर सरकतो.

या रचनेची खरी परीक्षा १२ मार्च २०२० रोजी झाली. ईथरचा भाव एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. आपल्या उदाहरणात भाव १२० झाला असता, तरी तारण १२०० डॉलरचे, म्हणजे कर्जाहून जास्तच, उरले असते. गणित चुकले नव्हते. पण जाळ्यावर व्यवहारांची एवढी गर्दी झाली, की लिलावात बोली लावणारेच पोहोचेनात. काहींनी चक्क शून्य बोलीवर ८० लाख डॉलरहून अधिक किमतीचे ईथर नेले! अनेक कर्जदारांचे सारे तारण गेले. योजनेला आलेली तूट मेकरची नवी नाणी विकून भरावी लागली.

पुढे लिलावाची मुदत वाढवली आणि डॉलरच्या ठेवींवर आधारलेले 'यूएसडीसी' नाणेही तारणात घेतले. मात्र मार्च २०२३ मध्ये त्या ठेवींपैकी काही असलेली अमेरिकन बँक बुडाली, यूएसडीसी घसरले आणि त्याच्याबरोबर डायही काही काळ डॉलरखाली गेले.

यावरून लक्षात येईल, की तारणाची किंमत कागदावर कितीही असो, ऐन वेळी ते विकत घेणारा हजर असेल तरच ते तारण.

सोडवून पाहा : वरील उदाहरणात भाव १६० डॉलर झाला. तारण पुन्हा कर्जाच्या दुप्पट करण्यासाठी आणखी किती ईथर ठेवावे लागेल? (उत्तर : अडीच.)