मोटारसायकल विजेवर : आधी हिशोब, मग पाना



ऊस नोंदीसाठी गटागटांतून फिरताना आम्हांला अलीकडे खोडव्याइतकाच आणखी एक प्रश्न विचारला जातो : "साहेब, जुनी मोटारसायकल घरच्या घरी विजेवर करता येते म्हणतात, खरं का?" काही गावांतून आयटीआय झालेल्या पोरांनी इंजिन उतरवून मोटार बसविलीही आहे. गाडी पळते, यात शंका नाही. परंतु गाडी पळणे, परवडणे, सुरक्षित असणे आणि कायद्यात बसणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर खूष होऊन बाकीच्या तीन विसरल्या, तर पैसा जातो आणि प्रसंगी घरही पेटते. म्हणून या अंकात खतपाण्याऐवजी हा पाठ घेतला आहे.

१) इंजिनाच्या जागी काय येते?

मोटार, बॅटरी, कंट्रोलर, बॅटरीचा राखणदार म्हणजे बीएमएस, चार्जर आणि दिवा-हॉर्नसाठी १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर, एवढे सामान लागते. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, ॲम्पिअर म्हणजे नळातून वाहणारे पाणी असे समजावे. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. कंट्रोलर हा त्या नळाचा कॉक. मूठ पिळाल तसा तो उघडतो.

मोटार दोन तऱ्हेने बसते. हब मोटार मागच्या चाकातच असते. काम सोपे, पण चाक जड होते आणि खड्ड्याचा दणका थेट मोटारीला बसतो. दुसरी मोटार इंजिनाच्या जागी बसून चेनने चाक फिरविते. तिला काम अधिक, पण चढाला ती बरी.

२) मोटार किती ताकदीची?

शंभर सीसीच्या गाडीचे इंजिन सुमारे ८ एचपीचे असते. तेवढीच मोटार हवी असे नाही. इंजिनाची ती ताकद फार वरच्या फेऱ्यांवर मिळते, मोटारीची ओढ मात्र पहिल्या फेरीपासून असते. गाडी, स्वार व थोडे ओझे मिळून २०० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरला चाकाशी सुमारे १ किलोवॅट लागतो. शंभर फुटांत पाच फूट असा चढ ताशी ३० ने चढायला सुमारे सव्वा किलोवॅट लागतो. म्हणजे २ किलोवॅटची, आपल्या भाषेत पावणेतीन एचपीची मोटार एकट्या स्वाराला पुरते. डबलसीट आणि वर वैरणीचा भारा असेल, तर हा हिशोब मोडतो.

३) बॅटरी : खरा खर्च आणि खरा धोका

शिशाची बॅटरी स्वस्त, पण जड. ७२ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या सहा लागतात. त्या रोज पूर्ण उतरविल्या तर साधारण ३०० ते ५०० चार्जिंगमध्ये थकतात. लिथियममध्ये लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्याला अधिक सोशीक असते आणि योग्य वापरात हजारावर चार्जिंग सहज देते.

या जातीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे २४ सेल ओळीने जोडले की ७६.८ व्होल्ट होतात. ही बॅटरी ३० ॲम्पिअर-अवरची असेल, तर तिच्यात २.३ युनिट वीज मावते. त्यातली पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावी. खेड्यातल्या रस्त्यावर किलोमीटरला सुमारे ३५ वॅट-अवर लागतात असे धरले, तर एका चार्जिंगमध्ये ५० किलोमीटर मिळतात. कोणी याच बॅटरीवर "दीडशे किलोमीटर पळेल" म्हणू लागला, तर त्याला हा गुणाकार करून दाखवावा.

आता धोका. बाजारात जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल स्वस्तात मिळतात. ताज्या व थकलेल्या सेलांची एक माळ करणे म्हणजे एका जुवाला तगडा बैल आणि मरतुकडा बैल जुंपणे होय. थकलेला सेल आधी भरतो, आधी रिकामा होतो, तापतो आणि शेवटी फुगतो. बीएमएस प्रत्येक सेलवर नजर ठेवून वेळेवर वीज तोडतो. तो काढून टाकून, "अडथळा गेला, गाडी जोरात पळते" असे सांगणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या दारी जाऊ नये. लिथियमची आग आतल्या आत धुमसते आणि विझली असे वाटून पुन्हा भडकते.

४) परवडते का?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. पण इंजिन त्यातली पाचवा ते चौथा हिस्साच चाकाला देते, बाकीची सायलेन्सर व इंजिनाच्या पंख्यांवाटे उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीची बचत येथे आहे.

उदाहरण घेऊ. रोज ३० किलोमीटर फिरणे, पेट्रोल लिटरला १०५ रुपये, ॲव्हरेज ६० धरले तर रोजचे साडेबावन्न रुपये होतात. विजेवर चार्जरची गळती धरून सव्वा युनिट लागते. युनिट १० रुपये धरले तर साडेबारा रुपये. रोजची बचत ४० रुपये, वर्षात ३०० दिवसांची १२ हजार. संच, बॅटरी व बसवणूक मिळून ६० हजार लागले, तर पैसे फिटायला पाच वर्षे. रोज १५ किलोमीटरच फिरणे असेल तर दहा वर्षे, आणि तोवर बॅटरी बदलण्याची वेळ येईल. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. गाडीची चासी गंजलेली असेल, तर हिशोब करण्याचीही गरज नाही.

५) बसविताना काय पाहावे?

बॅटरी मध्यभागी व शक्य तितकी खाली असावी. कॅरिअरवर बांधलेल्या बॅटरीने गाडी वळणावर लोळते. हब मोटारीचा आस फिरू नये म्हणून पोलादी आधारपट्टी लावावीच. नाहीतर आस फिरून वायरी पिळून तुटतात. ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा स्विच हवा.

पूर्ण भरल्यावर ही बॅटरी ८७ व्होल्टपर्यंत जाते. ६० व्होल्टच्या वरची डीसी वीज धोक्याची मानतात. सबब अंगठी, कडे काढून व बॅटरीची जोडणी सोडवूनच काम करावे. घरातला एसीचा साधा एमसीबी येथे चालत नाही, डीसीसाठीचाच फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी हवा. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करू नये. टाकी रिकामी झाली तरी वाफ आत राहते, आणि ठिणगीने तिचाच स्फोट होतो.

६) चार्जिंग

बॅटरीच्या जातीचाच चार्जर वापरावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हातून आलेली गाडी अर्धा तास सावलीत निववून मगच लावावी. पाचटाचा ढीग, कडब्याची गंजी, गोठा येथे चार्जिंग नको. झोपायच्या खोलीत नको, आणि बाहेर पडायच्या एकुलत्या एका दाराच्या वाटेवर तर मुळीच नको.

७) कायदा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीशी विसंगत बदल मालकाला मनाने करता येत नाही. विजेच्या रूपांतरासाठी एआयएस १२३ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने तपासून मंजूर केलेला संच, त्याच मॉडेलसाठी, संच उत्पादकाच्या अधिकृत कारागिराकडूनच बसवावा लागतो. पुढे आरटीओकडे आरसी बुकात बदल नोंदवून विमा कंपनीलाही कळवावे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. दंड एक वेळ भरता येईल. पण अशा गाडीखाली कोणी सापडले आणि विम्याचा दावा अडला, तर भरपाईसाठी जमीन विकायची पाळी येऊ शकते.

तेव्हा घरी जोडलेला संच रस्त्यावर चालविण्याजोगा नाही. घरी करायचा तो हिशोब, पारख आणि देखभाल.

शंका-समाधान

शंका : विजेच्या गाडीला लायसन व नोंदणी लागत नाही ना?
समाधान : ती सूट २५० वॅटपेक्षा कमी मोटारीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, तशी मान्यता मिळालेल्या गाड्यांना आहे. रूपांतरित मोटारसायकल त्यात बसत नाही.

शंका : सगळे विजेवर गेले तर आपल्या इथेनॉलचे काय?
समाधान : २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. काही मोटारसायकली विजेवर गेल्याने ती मागणी लगेच आटत नाही. शिवाय सहवीज प्रकल्प असलेले कारखाने बगॅसपासून वीजही करतात. ऊस दोन्हीकडे आहे.

शंका : विक्रेत्याला काय विचारावे?
समाधान : माझ्या मॉडेलसाठीचे मंजुरीपत्र दाखवा. सेल नवे आहेत याचा कागद व बॅटरीची लेखी हमी द्या. आरसी बुकातली नोंद कोण करून देणार, ते सांगा. यांतल्या एकाही प्रश्नाला "ते बघू नंतर" असे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवून घरी यावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग