आश्विनातील घर

पाली ह्या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराची पाली रायगड जिल्ह्यात आहे. तिचे नाव सर्वतोमुखी असते. दुसरी पाली रत्नागिरी तालुक्यातील. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाने हातखंबा मागे टाकून लांज्याकडे निघाले, की ती वाटेत लागते. लक्ष्मीपल्लिनाथाचे देवालय हे ह्या गावाचे भूषण होय. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याकाठची दुकाने तेवढी दिसतात. गाव दिसत नाही. गाव पाहावयाचे, तर मोठा रस्ता सोडून पायवाटेने आत उतरावे, आणि शक्य तर आश्विन महिन्यात उतरावे.

आश्विनात शरद ऋतू लागतो. चार महिने झाकोळलेले आकाश निवळते. बांधांवर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलू लागतात. मांडवावर पडवळे लोंबत असतात आणि परसातल्या शेवटच्या काकड्या जून होऊन पिवळ्या पडलेल्या असतात. पावसाने उखणलेले अंगण पुन्हा खणून, सपाट करून, चोपण्याने चोपून आणि शेणाने सारवून नवे करावयाचे असते. ह्या कामात घरातली मुले सर्वांत पुढे असतात. कारण अंगण झाले, की खेळायला जागा होते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

परंतु ह्या प्रसन्न ऋतूत घरातील मोठ्या माणसांच्या मनाला मात्र स्वस्थता नसते. त्याचे कारण शेतात उभे असते.

कोकणात भाताच्या जाती पिकण्याच्या काळावरून ओळखतात. लवकर पिकणारे ते हळवे, मध्यम मुदतीचे ते निमगरवे आणि उशिरा पिकणारे ते गरवे. हळवे भात साधारणतः ११० ते ११५ दिवसांत तयार होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलेले भात ह्या हिशोबाने सप्टेंबरच्या अखेरीस पिकते. सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो, तोही ह्याच सुमारास. त्या नक्षत्राच्या पावसाला ग्रामीण लोक ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात. मोसमी पाऊस कोकणातून पूर्णपणे माघार घेतो, तो बहुधा ऑक्टोबरच्या पूर्वार्धात. म्हणजे भात कापणीला येते आणि पाऊस अजून गेलेला नसतो, असे काही दिवस दरवर्षी येतातच.

आणखी एक तिसरी गोष्ट नेमकी ह्याच दिवसांत येते. जूनमध्ये सुरू झालेले शाळेचे पहिले सत्र दिवाळीच्या सुट्टीपूर्वी संपते आणि त्याच्या शेवटी परीक्षा असते. पूर्वी तिला सहामाही म्हणत. आता तिचे नाव संकलित मूल्यमापन असे आहे. नाव बदलले, तरी मुलांची धास्ती बदललेली नाही. त्यात दिवसही लहान होऊ लागतो. जूनमध्ये रत्नागिरीच्या बाजूला सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यास तो सव्वासहाच्या सुमारासच समुद्राआड जातो. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातातला जवळजवळ एक तास असा कमी होतो. शेताचे काम उजेडातच करावे लागते आणि अभ्यासालाही ताजे मन लागते. एवढ्याशा दिवसात दोन्ही बसवावयाचे कसे, हा घरोघरचा प्रश्न असतो.

हा प्रश्न अधिक बिकट होण्यास दुसरेही एक कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुषांनी पोटापाण्यासाठी मुंबईला जावयाचे, ही कित्येक पिढ्यांची रीत आहे. २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. ह्या आकड्यामागे कितीतरी घरांची कहाणी आहे. घरातला कर्ता पुरुष गणपतीला येतो, पाच-सात दिवस राहतो आणि परत जातो. भात पिकते, तेव्हा घरी असतात त्या स्त्रिया, वृद्ध माणसे आणि मुले.

अशाच एका घराचे उदाहरण घेता येईल. घरात आजी, आई आणि दोन मुले. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. वडील मुंबईस नोकरीला. घराखालच्या उतारावर भाताचे दोन-तीन कुणगे. हे घर पालीतील कोणाचेही असू शकेल.

ह्या घराचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आई चूल पेटवते, आजी गोठ्यात जाते. मुलगी तासभर पुस्तक घेऊन ओटीवर बसते. तिचा धाकटा भाऊ तिच्या शेजारी बसून पाढे म्हणतो व मधूनमधून पेंगतो. सात वाजता गरम पेज होते. मग पाणी भरणे, अंगण झाडणे ही कामे मुले वाटून घेतात. संध्याकाळी पेंढीला बांधावयाचे बंध वळून ठेवणे, गुरांना गवत घालणे, कोंबड्या झाकणे हे त्यांचे काम. विळा मात्र धाकट्याच्या हाती द्यावयाचा नाही, असा आजीचा दंडक आहे. जेवणे झाली, की पुन्हा पुस्तके. कोणी कोणावर ओरडत नाही असे नाही; पण कामाची वाटणी ठरलेली असल्यामुळे ओरडण्याचे प्रसंग थोडे येतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातील एका शनिवारी त्या घरचे हळवे भात कापून झाले. कापलेले भात एक-दोन दिवस शेतातच पसरून ठेवतात, म्हणजे उन्हाने लोंब्या व पेंढा वाळतो. रविवारी दुपारी पेंढ्या बांधून, त्यांचे भारे करून घरच्या पडवीत आणावयाचे, असे ठरले होते. सोमवारी सकाळी मुलीचा गणिताचा पेपर होता. आईने तिला सांगितले होते, “बाय, तू आज घरीच बस. आम्ही दोघी आणि शेजारच्या काकी मिळून उरकू.”

दुपारी दोनच्या सुमारास पूर्वेला सह्याद्रीच्या अंगाने काळे ढग चढू लागले. जूनमधील पाऊस समुद्राकडून येतो आणि दिवसचे दिवस पडत राहतो. परतीचा पाऊस निराळा असतो. सकाळभर ऊन तापते, दुपारनंतर डोंगराकडे ढग साचतात आणि मग ते मेघगर्जना करीत पश्चिमेकडे सरकतात. हे गावात सर्वांना माहीत असते. मुलीने ढग पाहिले, वही मिटली आणि ती शेताकडे धावली. भाऊही मागोमाग गेला. त्या वेळी तिला परत पाठविण्यास आईला सवड नव्हती.

एकूण एकोणीस भारे झाले होते. आई आणि काकी डोक्यावरून वाहत होत्या, आजी पेंढ्या बांधून देत होती, मुलगी लहान भारे नेत होती आणि मुलगा वाटेत गळलेल्या लोंब्या वेचीत होता. नऊ-दहा भारे पडवीत पोहोचले, तोच दूरवर वीज चमकली. मुलगी मनातल्या मनात अंक मोजू लागली. विजेचा प्रकाश तत्काळ दिसतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात, हे ती शाळेत शिकली होती. पहिल्या वेळी गडगडाट ऐकू येईपर्यंत तिचे चोवीस अंक झाले. म्हणजे वीज आठ किलोमीटरांवर होती. आणखी चार भारे घरी गेले. पुन्हा वीज चमकली. ह्या वेळी बाराच अंक झाले.

“आई,” ती ओरडली, “वीज जवळ आली. गडगडाट ऐकू येतो, तेव्हाच घरात जावे, असे बाईंनी सांगितले आहे. आता मुळीच थांबायचे नाही.”

शेतात अजून पाच भारे होते. आईने एकवार त्यांच्याकडे पाहिले. जूनपासूनचे श्रम त्या पाच भाऱ्यांत बांधलेले होते. पुढे होऊन निदान एक तरी उचलावा, असे तिला वाटले असेल. परंतु तिने हातातला दोर खाली टाकला. “चला सगळी घरात,” ती म्हणाली. “झाडाखाली कोणी उभे राहू नका.” धाकट्याला एका हाताने आणि आजीला दुसऱ्या हाताने धरून ती निघाली. सर्वजण ओटीवर पोहोचतात न पोहोचतात, तोच पावसाची सर आली आणि समोरचे शेत दिसेनासे झाले.

पाऊस दीड तास पडला. घरात कोणी फारसे बोलले नाही. मुलगा मधूनच म्हणाला, “आपले पाच भारे भिजले.” आजी म्हणाली, “भिजले, बाळा. पण चौदा आले, आणि आपण पाचही जण आलो.” तिने शेजारच्या काकींनाही मोजले होते.

रात्री दिवा लावून मुलगी गणिताला बसली. पण तिचे चित्त लागेना. शेवटी ती आईला म्हणाली, “उद्या मी शाळेत जात नाही. भिजलेले भात लगेच पसरले नाही, तर त्याला कोंब येतील. तुम्हा दोघींना ते कसे उरकेल?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. भिजलेल्या पेंढ्या तशाच बांधून ठेवल्या, तर दोन-तीन दिवसांत दाणा फुगतो व त्याला कोंब फुटतो. पेंढाही कुजू लागतो आणि गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. आई गप्प राहिली. उत्तर आजीने दिले. ती म्हणाली, “भात सकाळी पसरले, की दुपारीही परतता येते आणि संध्याकाळीही परतता येते. तुझा पेपर दुपारपर्यंत थांबणार आहे काय गो? जे थांबते, त्याला थांबू द्यावे. जे थांबत नाही, ते आधी करावे.”

सोमवारी लख्ख ऊन पडले. मुलगी पेपराला गेली. आई, आजी आणि काकींनी पेंढ्या सोडून, झटकून नव्या अंगणात ताडपत्रीवर पसरल्या. दुपारी शाळेतून येताच मुलीने दप्तर ठेवले आणि ती भात परतू लागली. दोन दिवसांनी ते भात वेगळे झोडले. काही दाण्यांना कोंब दिसत होते. ते कोंबड्यांपुढे गेले. उरलेले भात आजीने बियाण्यात किंवा कणगीत घेतले नाही. ते उकडून, वाळवून त्याचे पेजेसाठी तांदूळ करावयाचे, असे ठरले. नुकसान झाले ते झालेच. परंतु घर त्याने खचले नाही.

आजीच्या लहानपणी कापणीच्या दिवसांत शाळेकरी मुलांना घरी ठेवून घेण्याची चाल सर्रास होती. विशेषतः मुलींची शाळा अशीच एका आश्विनात सुटे आणि पुन्हा जोडली जात नसे. पुढे काळ बदलला. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. बालमजुरीसंबंधीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत मुलांनी घरच्या कामाला हातभार लावावा, एवढी मुभा तीत ठेवलेली आहे. शाळा बुडवून नव्हे. त्या रात्री आजीने हा कायदा वाचून उत्तर दिले नव्हते. तिच्या उत्तरात कायद्याचा आशय आपोआप आला होता.

आश्विनी पौर्णिमेला सर्वत्र कोजागरी म्हणतात. कोकणात तिला ‘नव्याची पौर्णिमा’ असेही नाव आहे. ह्या दिवशी, आणि काही घरी दसऱ्यालाच, ‘नवे’ बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचे कणीस आणि कुरडूचे फूल घालून त्याची लहानशी जुडी करतात. ती देवापुढे ठेवतात व मग दाराला, कणगीला, शेतीच्या अवजारांना बांधतात. ज्याच्या आधाराने वर्ष निभावते, त्याची आठवण ठेवावयाची, असा ह्या प्रथेचा अर्थ आहे. नव्या तांदळाची खीर करून तिचा नैवेद्य दाखवितात आणि घरातली सर्व माणसे ती एकत्र बसून खातात.

त्या घरीही नवे बांधले गेले. परीक्षा आदल्याच दिवशी संपली होती. मुलाने दाराला आणि गोठ्याला जुड्या बांधल्या. नांगराला आईने बांधली. आजीच्या हातात एक जुडी उरली होती. तिने खुंटीवरचे दप्तर खाली घेतले, त्याच्या बंदाला ती नीट बांधली आणि दप्तर पुन्हा जागच्या जागी टांगून ठेवले.

अभ्यास

१. ‘आश्विनात मोठ्या माणसांच्या मनाला स्वस्थता नसते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

२. जूनमधील पाऊस आणि परतीचा पाऊस ह्यांतील फरक स्पष्ट करा.

३. वीज चमकल्यावर नऊ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण किती अंतरावर असेल? अशा वेळी काय करावे?

४. आईने पाच भारे शेतात सोडून दिले. तिच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? कारणे देऊन लिहा.

५. ‘जे थांबते, त्याला थांबू द्यावे. जे थांबत नाही, ते आधी करावे.’ ह्या वाक्याचा तुम्हाला आलेला अनुभव दहा ओळींत लिहा.

६. आजीने शेवटची जुडी दप्तराला का बांधली असेल?