आत्म्यांची पारख

वाचनपाठ : अनुवाद १३:१–४, प्रेषितांची कृत्ये ८:९–२४ व १७:१०–१२, १ योहान ४:१–६

गेल्या पावसाळ्यात आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांची सभा होती. चहा झाला, पुढील महिन्याचे पाठ वाटून झाले आणि मंडळी उठणार इतक्यात एका तरुण शिक्षिकेने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर एक वक्ते बोलत होते. पोशाख नीटनेटका, आवाज गोड, समोर हजारोंचा जमाव. मनात जे धराल ते देव तुम्हांला देतो, उणे शब्द तोंडातून काढू नका, दारिद्र्य आणि आजार ही विचारांची सवय आहे, असा त्यांचा एकंदर आशय होता. "दादा, मोठ्या मुलांच्या वर्गाला हे दाखवू का? परीक्षा जवळ आल्या आहेत. चांगले विचार आहेत आणि देवाचे नावही घेतात," असे बाई म्हणाल्या.

मी त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढे जे लिहिणार आहे ते लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी तिशीत असताना अशी पुस्तके फार वाचीत असे. पदविकेचा अभ्यास नुकताच झाला होता, उपदेश करण्याचा उत्साह दांडगा होता आणि लोकांना आवडेल असे बोलता येऊ लागले होते. एका रविवारी विश्वासावर बोलताना मी म्हणून गेलो की, ज्याने आपला आजार प्रभूच्या हाती दिला त्याने औषधाच्या डब्याकडे मागे वळून पाहू नये, लोटाच्या बायकोची आठवण ठेवावी. वाक्य सुरेख जमले होते. पुष्कळांनी दारात हात हाती घेऊन शाबासकी दिली. आमच्या मंडळीतील एका वृद्ध मावशींनी मात्र शाबासकी दिली नाही. त्यांनी घरी जाऊन रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्या वाचल्या, पण उजवा हात गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या मलाच म्हणाल्या की, आपलाच विश्वास कमी पडला असावा. त्यांनी मला दोष दिला असता तर बरे झाले असते.

म्हणून या विषयाचा अभ्यास मी दुसऱ्यांच्या अंगणापासून न करता आपल्याच घरापासून करतो. परधर्मीय गुरूंची नावे घेऊन नाके मुरडणे आपल्याला सोपे जाते. परंतु जिम जोन्स हा १९६४ साली रीतसर दीक्षा मिळालेला ख्रिस्ती पाळक होता, आणि १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयाना देशात त्याच्या वसाहतीत नऊशेहून अधिक माणसे विषाने व गोळ्यांनी मेली, त्यांत सुमारे तीनशे मुले होती, हे विसरता येत नाही. प्रारंभी त्याची मंडळी गरिबांना जेवण घाली आणि काळ्या-गोऱ्यांना एका बाकावर बसवी. लोक चांगल्या कामासाठी आले होते. शिमोन जादूगाराची हकीकतही अशीच आहे. त्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, तो फिलिप्पाच्या सोबत राहू लागला, आणि मग पैसे पुढे करून पवित्र आत्म्याचे दान विकत मागू लागला. तो बाहेरून आलेला राहिला नव्हता. मंडळीच्या वहीत त्याचे नाव लागले होते.

आता त्या वक्त्यांच्या शिकवणीचा उगम पाहू. ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मेन राज्यात फिनियस क्विम्बी (१८०२–१८६६) नावाचे घड्याळ बनविणारे गृहस्थ होते. आजाराचे मूळ चुकीच्या समजुतीत आहे, समजूत बदलली की रोग जातो, असे ते मानीत व तसे उपचार करीत. त्यांच्यामागून जी चळवळ वाढली तिला 'न्यू थॉट' म्हणजे 'नवविचार' असे नाव पडले. तिचा एक फाटा बाजाराकडे गेला. १९३७ साली नेपोलियन हिल यांचे विचार करून श्रीमंत होण्याविषयीचे पुस्तक निघाले, आणि २००६ साली 'द सिक्रेट' हा चित्रपट व त्याच नावाचे पुस्तक आले. आपण ज्याचा विचार करतो ते विश्व आपल्याकडे ओढून आणते, हा त्यातील मुख्य दावा. दुसरा फाटा चर्चच्या दारातून आत आला. न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चमध्ये १९३२ ते १९८४ पर्यंत पाळक असलेले नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी १९५२ साली सकारात्मक विचारसरणीवर पुस्तक लिहिले. ते आपल्याकडेही घरोघर गेले. मी वाचलेली प्रत माझ्या मामांची होती.

याहून महत्त्वाचे नाव ई. डब्ल्यू. केनियन (१८६७–१९४८) यांचे आहे. विश्वासाने तोंडातून काढलेला शब्द वस्तू निर्माण करतो, अशा प्रकारची त्यांची शिकवण होती. ती त्यांनी नवविचारातून कितपत घेतली याविषयी अभ्यासकांत वाद आहे. वाद नाही तो पुढच्या गोष्टीविषयी. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथून जगभर पसरलेल्या 'विश्वासवचन' चळवळीचे प्रवर्तक केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांच्या लिखाणात केनियनचे उतारेच्या उतारे जवळजवळ शब्दशः आढळतात, हे १९८८ साली एका अभ्यासकाने दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवून दिले. प्रकटीकरण म्हणून जे सांगितले जात होते ते कपाटातील पुस्तकात होते. हेगिन यांच्याविषयी न्यायाने एक गोष्ट सांगावी लागेल. उतारवयात, २००० साली, त्यांनी पैशाविषयीच्या आपल्याच चळवळीतील अतिरेकावर 'मिडास टच' नावाचे पुस्तक लिहून शिष्यांचे कान उपटले. ऐकले फार थोड्यांनी.

या शिकवणीचे फळ कोणते? १९७३ साली कॅलिफोर्नियातील एका दांपत्याने प्रार्थनासभेनंतर आपल्या अकरा वर्षांच्या मधुमेही मुलाचे इन्सुलिन बंद केले. मुलाला त्रास होऊ लागला तेव्हा त्यांनी तो सैतानाचा खोटा देखावा समजला. मूल गेले. पुढे त्या आईबापांनीच पुस्तक लिहून आपली चूक जगापुढे मांडली. त्या आईबापांचे मुलावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? दुसऱ्या फाट्याचे फळही पाहा. 'द सिक्रेट' चित्रपटात झळकलेले जेम्स आर्थर रे यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲरिझोनात शिबिर घेतले. शुल्क माणशी नऊ हजार डॉलरहून अधिक होते. तापलेल्या दगडांनी भरलेल्या बंद तंबूत लोकांना बसवून ठेवले, आणि तीन माणसे दगावली. २०११ साली न्यायालयाने रे यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले.

येथे कोणी म्हणेल, "पण अमक्याच्या प्रार्थनेने खरोखर गुण आला, ते मी डोळ्यांनी पाहिले." येऊ शकतो. मी ते नाकारीत नाही, आणि आपल्या देवाचा हात तोकडा झाला असेही मानीत नाही. पण अनुवादाचा तेरावा अध्याय उघडून पाहावा. संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खोटे ठरले तर काय करावे, हे अठराव्या अध्यायात आहे. तेराव्यात विषय वेगळा आहे : चिन्ह खरे ठरले तर काय करावे? मोशे म्हणतो, चिन्ह घडून आले तरीही त्या माणसाच्या शिकवणीची परीक्षा शिल्लक राहते. तो तुम्हांला कोणाच्या मागे नेतो हे पाहा. हा पाठ आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो, म्हणून येथे थोडे थांबावे असे वाटते. आपण उलट करतो. गुण आला की शिकवण खरी ठरली असे धरतो. शिवाय ज्याला गुण आला तो व्यासपीठावर साक्ष द्यायला येतो. ज्याला आला नाही त्याच्या हाती कोणी माईक देत नाही, तो मागच्या बाकावरून उठून घरी जातो. मावशींना मी कधी साक्ष द्यायला बोलाविले नाही.

योहानाची कसोटी येशू ख्रिस्त देहाने आला या कबुलीची आहे. पाठांतरात आपण ती सिद्धांत म्हणून शिकतो, पण तिचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. प्रभू भुकेला झाला, थकला, रडला, वधस्तंभावर तहानेने व्याकूळ झाला. ज्या शिकवणीत थकलेल्या, आजारी, हरलेल्या माणसाला जागा नाही, तिच्यात देहाने आलेल्या ख्रिस्तालाही जागा उरत नाही, मग त्याचे नाव कितीदाही घेतलेले असो. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले (१ तीमथ्य ५:२३). स्वतःच्या देहातील काट्यासाठी तीनदा विनंती करून तो काट्यासहच राहिला (२ करिंथ १२). या तिघांपैकी कोणाचा विश्वास कमी होता? ईयोबाच्या मित्रांनी मात्र दुःखाचे कारण दुःख भोगणाऱ्यातच शोधले, आणि शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर झाला.

दुसरी कसोटी पैशाची, आणि तीत आपल्या आद्य मंडळीने आपल्याहून अधिक रोखठोकपणा दाखविला आहे. 'दिदाखे' म्हणजे 'शिकवण' नावाचे एक छोटे पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेले. शतकानुशतके ते हरवले होते. १८७३ साली ब्रुएनिओस नावाच्या ग्रीक धर्माध्यक्षाला कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याचे हस्तलिखित सापडले व १८८३ साली ते छापले गेले. फिरत्या उपदेशकांविषयी त्यात नियम दिले आहेत. पाहुणा आला तर त्याला प्रभूप्रमाणे घरात घ्या. एक दिवस राहू द्या, गरज असली तर दोन; तिसराही राहिला तर तो खोटा. जाताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याने बोलत असल्याचे सांगून स्वतःसाठी जेवणाचे ताट मांडायला लावले आणि स्वतःच जेवला, तर तोही खोटा. मात्र दुसऱ्या गरजूंसाठी मागितले तर कोणी त्याला नावे ठेवू नये. किती शहाणपण आहे पाहा! अलीशाने नामानाकडून काही घेतले नाही. गेहजी मागे धावला. (मीही प्रवासखर्चाचे पाकीट घेतो, त्यामुळे हा नियम मला वाचताना जरा जपून वाचावा लागतो.)

बिरुयातील लोकांचा पाठ शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन शिकवावा. तेथे उपदेशक साक्षात पौल होता, तरी ते रोज शास्त्र काढून तपासून पाहत, आणि लूक त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासी ठरविणारा गुरू हा पौलापेक्षा मोठा असला पाहिजे!

तरी सर्वच टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. सर्व पारखा व चांगले ते धरा, अशा अर्थाचे पौल थेस्सलनीकाकरांस सांगतो. सॅम्युएल स्माइल्स यांच्या १८५९ सालच्या पुस्तकाने या प्रकाराला 'सेल्फ-हेल्प' हे नाव दिले. त्यात कष्ट, काटकसर व चिकाटी यांचेच धडे आहेत. वेळापत्रक आखणे, लोकांशी गोड बोलणे, परीक्षेआधी दीर्घ श्वास घेणे, रात्री पुरेशी झोप घेणे, ही सर्वसाधारण शहाणपणाची गोष्ट आहे आणि ती कोणाकडूनही शिकावी. सावध व्हायचे ते ही शिदोरी तारण म्हणून विकली जाते तेव्हा. रोग बरे करण्याच्या आश्वासनांविषयी तर देशाचा कायदाही आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली काही रोगांवरील उपायांच्या जाहिरातींना मनाई आहे, आणि त्या यादीत मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत. मंडळीतील कोणी औषध सोडल्याचे कळले तर वादविवाद न करता त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन जावे, प्रार्थना वाटेत करता येते.

त्या शिक्षिकाबाईंना मी शेवटी सांगितले की, चित्रफीत दाखवा, पण शेजारी शास्त्र उघडे ठेवा आणि मुलांनाच विचारू द्या. त्यांनी तसे केले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मुलांनी प्रथम वक्त्यांच्या घड्याळाची किंमत किती असेल यावर बराच वेळ चर्चा केली, बाईंनी दोनदा गप्प केले. मग बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उठली. तिचा भाऊ जन्मापासून चालू शकत नाही. ती म्हणाली, "बाई, माझ्या भावाने जन्मायच्या आधी कोणता वाईट विचार केला होता?"

वर्ग शांत झाला. बाईंनी योहानाचा नववा अध्याय काढला आणि त्या मुलीलाच पहिली तीन वचने मोठ्याने वाचायला सांगितली.