काजूच्या पालवीवरील व मोहोरावरील बुरशीरोग : ओळख व उपाय

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूइतके निमूटपणे वाढणारे दुसरे झाड नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला हा सदाहरित वृक्ष येथील जांभ्या जमिनीत असा रुजला की, तो परका आहे याची आठवणही कोणास राहिली नाही. खताची वा पाण्याची अपेक्षा न ठेवता तो बी देतो, बोंडू देतो आणि बोंडूपासून हुराक व फेणी निघते. या काटकपणामुळेच त्याच्या रोगांकडे दुर्लक्ष होते. डिसेंबरात मोहोर जळाल्यासारखा काळा पडला म्हणजे "धुक्याने गेला" असे म्हणून बागायतदार स्वस्थ बसतो किंवा शेजाऱ्याने जे औषध आणले तेच आणून फवारतो. पहिल्या प्रकारात पीक जाते; दुसऱ्या प्रकारात पीकही जाते आणि औषधाचा पैसाही.

मोहोर करपण्याची कारणे एकाहून अधिक असून ती दुरून सारखीच दिसतात. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात काजूला नवी पालवी फुटते व तिच्या शेंड्याला पुढे मोहोर येतो. ही पालवी कोवळी असेतो तिला दोन शत्रू असतात : ढेकण्या नावाचा कीटक व करपा नावाची बुरशी.

ढेकण्या हा तांबूस रंगाचा, काळ्या डोक्याचा लहानसा किडा होय. तो व त्याची पिल्ले सोंड खुपसून कोवळ्या देठांतील, पानांच्या शिरांतील व मोहोरातील रस शोषतात. जेथे सोंड शिरते तेथे प्रथम पाणथळ डाग पडतो आणि एक-दोन दिवसांत तो काळा होऊन लांबट व्रण दिसू लागतो. व्रणांतून डिंक पाझरतो. असे अनेक व्रण एकत्र आले की, शेंडा वाळतो आणि आगीची झळ लागल्याप्रमाणे झाड दिसते. कोवळ्या बियांवर मात्र देवीच्या वणांसारखे ठिपके पडतात व त्या गळतात.

करपा ही बुरशी ओलाव्यावर जगते. ढगाळ हवा, अवेळी पाऊस आणि सकाळी उशिरापर्यंत न सुकणारे दव तिला मानवते. कोवळ्या पानावर तांबूस-तपकिरी, पाणथळ डाग पडतात. कीटकाचा व्रण पडला तेवढाच राहतो, बुरशीचा डाग मात्र दिवसागणिक पसरतो. पान चुरगळते व गळून पडते. डिंक येथेही दिसतो, म्हणून केवळ डिंकावरून निदान करू नये. खरी अडचण पुढेच आहे. ढेकण्याने पाडलेल्या जखमांतून हीच बुरशी आत शिरते. त्यामुळे उशिरा पाहिलेल्या शेंड्यावर दोन्ही आढळतात, आणि मूळ कारण कीटक असताना बुरशीनाशकाची फवारणी होते. यास्तव पाहणी पालवी फुटताच, आठवड्यातून एकदा, सकाळच्या वेळी करावी. त्या वेळी किडा शेंड्यावर बसलेला सापडू शकतो.

तिसरा रोग भुरी. हा ओळखण्यास सोपा आहे. मोहोराच्या कळ्यांवर राख शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो व तो बोटाने पुसला जातो. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात १९७९ पासून या रोगाने काजूच्या बागांची मोठी हानी केली आणि तेथील शेतकऱ्यांस गंधकाचा आश्रय घ्यावा लागला. भुरीस पाऊस लागत नाही. गार रात्री व दमट, धुकट सकाळी पुरेशा असतात. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक दर लिटरास २ ग्रॅम या प्रमाणात, पहिला थर दिसताच फवारावे. मोहोर तपकिरी पडल्यावर फवारणी व्यर्थ होय. रस्त्यालगतच्या झाडांवर बसणारी तांबडी धूळही पुसली जाते. तिला रोग समजण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात फांद्यांवर येणारा गुलाबी रोग पानांवरूनच प्रथम लक्षात येतो. हिरव्यागार झाडाची एकच फांदी पिवळी पडते. जवळ जाऊन पाहिल्यास तिच्या सालीवर पांढरट-गुलाबी पापुद्रा आढळतो व पुढे साल फुटून निघते. अशी फांदी रोगट भागाच्या बरीच खाली, निरोगी लाकडात कापावी, जाळावी आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. मलमासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी लागते.

करप्यासाठी व गुलाबी रोगाच्या प्रतिबंधासाठी १ टक्का बोर्डो मिश्रण पावसाळ्याच्या तोंडावर व पुन्हा पाऊस ओसरल्यावर फवारावे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतातील द्राक्षमळ्यांत १८८० च्या दशकात ते प्रथम उपयोगात आले. त्यावरून हे नाव पडले. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात विरघळवावा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत. लोखंडाची चालत नाहीत. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावीत. नंतर घासलेला कोयता त्यात क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस लेप चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालावे, अन्यथा पालवी भाजते. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

ढेकण्यासाठी कीटकनाशक वापरणे भाग पडल्यास लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के हे दर लिटरास ०.६ मिलिलिटर या प्रमाणात पालवीच्या वेळी फवारतात. मोहोर उमलला असता ते टाळलेले बरे, कारण काजूचे परागण कीटकच करतात. पाने शिवून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या चावतात खऱ्या, पण त्या ढेकण्यास खातात. त्यांची घरटी जाळण्याची प्रथा सोडावी. केरळातील कासरगोड जिल्ह्यात याच किड्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. माणसांवर झालेल्या परिणामांच्या तक्रारींनंतर ते थांबले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. गोव्यात तर बोंडू जमिनीवरून वेचून, बहुधा न धुता, भट्टीवर नेतात. म्हणून बोंडू धरल्यानंतर काजूवर कीटकनाशक मुळीच फवारू नये. पावणीत बाग घेणाऱ्यास कोणते औषध केव्हा फवारले हे मालकाने आधी सांगितले पाहिजे.

जुन्या बागा बियांपासून दाट वाढलेल्या आहेत. त्यांत ऊन शिरत नाही व दव सुकत नाही, हे रोगाचे अर्धे कारण होय. हंगाम संपताच वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. नवी लागवड करताना दोन कलमांत सात ते आठ मीटर अंतर ठेवावे, मग ती कलमे वेंगुर्ल्याच्या जातींची असोत वा गोव्यातील बाळ्ळी-२ ची.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. डाग पडलेले ताजे पान ओल्या कापडासह काचेच्या बरणीत झाकून तीन-चार दिवस ठेवावे. करपा असल्यास डागावर नारिंगी झाक असलेले बारीक ठिपके उमटतात. कीटकाच्या जखमेत शिरलेली बुरशीही अशीच उमटत असल्याने बरणीची साक्ष एकटी पुरेशी नाही. झाडावर काय दिसले तेही मुलांनी वहीत लिहून ठेवावे.

शंका राहिल्यास नमुना तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत न्यावा. पूर्ण वाळलेली फांदी नेऊ नये; निरोगी व रोगट भाग ज्यात जोडून आहेत असा शेंडा घ्यावा, कागदात गुंडाळावा (प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो) आणि झाडाचे वय, मागील आठवड्यातील पाऊस व शेवटची फवारणी यांची नोंद सोबत द्यावी.